बर्फावरून बाकामागे

खेळाडूचा प्रशिक्षक कसा होतो, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी ही परिषद भरली आहे. परिषदेच्या विषयाची दिशा यजमानांनी थोडक्यात सूचित करावी, असा रिवाज आहे. तो पाळताना स्वागतसमितीने महाराष्ट्रातील मैदानांपासून फार दूरचे, कॅनडा आणि अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीचे उदाहरण जाणीवपूर्वक निवडले आहे, कारण जवळच्या उदाहरणात स्नेह आणि मतभेद दोन्ही आड येतात, तर परक्या उदाहरणाकडे स्वच्छ नजरेने पाहता येते. हे उदाहरण रॉड ब्रिंडामोर या खेळाडूचे आहे.

भारतात हा खेळ मुख्यतः लडाख आणि हिमाचलातील स्पिती या थंड प्रदेशांत खेळला जातो, त्यामुळे त्याची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. सुमारे 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद अशा बंदिस्त बर्फावर दोन्ही संघांचे, गोलरक्षक धरून, सहा-सहा खेळाडू धारदार पात्यांच्या बुटांवर घसरत खेळतात आणि चेंडूऐवजी ‘पक’ नावाची कडक रबराची जाड चकती काठीने पुढे नेतात. वीस मिनिटांचे तीन डाव असतात; परंतु या गतीने सलग खेळणे शरीराला अशक्य असल्याने खेळाडू साधारण पाऊण मिनिटाच्या छोट्या पाळ्यांमध्ये खेळतात आणि खेळ चालू असतानाच बाकावरचे ताजे खेळाडू त्यांची जागा घेतात. क्रिकेटमध्ये मैदानावरचे बहुतेक निर्णय कर्णधार घेतो. येथे मात्र बाकामागे उभा असलेला प्रशिक्षक कोणती तुकडी कोणत्या प्रतिस्पर्धी तुकडीसमोर पाठवायची याचा निर्णय दर मिनिटाला घेत असतो, आणि म्हणून प्रशिक्षणाच्या कलेचा अभ्यास करण्यासाठी या खेळाइतके उघडे क्षेत्र क्वचितच सापडते.

ब्रिंडामोर यांचा जन्म 1970 मध्ये ओटावा येथे झाला आणि बालपण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅम्पबेल रिव्हर या गावी गेले. 1988 मध्ये उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील सेंट लुइस ब्लूज संघाने त्यांची नवव्या क्रमांकाने निवड केली, तरी ते आधी एक वर्ष मिशिगन स्टेट विद्यापीठाकडून खेळले. 1991 मध्ये संघांच्या अदलाबदलीत ते फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे गेले आणि तेथे 1993 ते 1999 या काळात सलग 484 सामने खेळले. धक्काबुक्की खेळाचाच भाग असलेल्या या स्पर्धेत सहा वर्षे एकही सामना न चुकवणे हे शरीर जपण्याच्या आणि घडवण्याच्या असाधारण शिस्तीशिवाय शक्य नाही, आणि व्यायामाच्या बाबतीतली त्यांची ही शिस्त विद्यार्थिदशेपासूनच प्रसिद्ध होती. जानेवारी 2000 मध्ये फ्लायर्सने त्यांना कॅरोलिना हरिकेन्सकडे पाठवले. हा संघ जेमतेम तीन वर्षांपूर्वी हार्टफर्डहून उत्तर कॅरोलिना राज्यात आला होता, आणि तेथील लोकांना बर्फ आणि हिवाळी खेळ यांची फारशी सवय नव्हती.

ब्रिंडामोर सेंटरच्या जागेवर खेळत. सेंटर हा आघाडीच्या तिघांमधला मधला खेळाडू असतो, आणि खेळ थांबून पुन्हा सुरू होताना पंचाने टाकलेली पक आपल्या ताब्यात घेण्याची झुंज, म्हणजे ‘फेसऑफ’, त्यालाच द्यावी लागते. या झुंजीत ते अव्वल मानले जात. शिवाय 2006 आणि 2007 या लागोपाठच्या वर्षी त्यांना मिळालेला सेल्की करंडक हा बचावाचे काम सर्वोत्तम करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला दिला जातो, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. गोल करणाऱ्याचे लक्ष पकेवर आणि जाळीवर असले तरी भागते. बचाव करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला मात्र आपल्या चौघा साथीदारांपैकी कोण कोठे आहे, कोणाची जागा रिकामी पडली आहे आणि तेथे प्रतिस्पर्धी केव्हा शिरेल, याचा अंदाज सतत बांधावा लागतो. इतरांच्या खेळाकडे पाहण्याची जी सवय प्रशिक्षकाला लागते, ती ब्रिंडामोर यांना खेळतानाच लागली होती, असे समितीचे मत आहे. कर्णधार म्हणून त्यांनी 2006 मध्ये एडमंटन ऑयलर्सचा सात सामन्यांच्या मालिकेत पराभव करून स्टॅन्ली चषक, म्हणजे या लीगचे विजेतेपद, हरिकेन्सच्या राली शहरात आणले. 2010 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांच्या नावावर 1,484 सामने आणि 452 गोल जमा झाले होते.

या कारकिर्दीतील सर्वांत शिकण्यासारखी घटना मात्र कोणत्याही करंडकाशी निगडित नाही. जानेवारी 2010 मध्ये, शेवटचा हंगाम चालू असताना, कर्णधारपद त्यांच्याकडून काढून पंचविशीतल्या एरिक स्टाल यांच्याकडे देण्यात आले, आणि ज्या संघाला त्यांनी चषक मिळवून दिला होता त्याच संघात ब्रिंडामोर उपकर्णधाराची खूण अंगावर घेऊन उरलेले सामने खेळले. आपल्या जागी दुसरा मोठा होतो आहे हे डोळ्यांसमोर पाहणे आणि त्याला साथ देणे, हे प्रशिक्षकाच्या आयुष्यात रोज करावे लागणारे काम त्यांच्या वाट्याला खेळाडू असतानाच आले, आणि त्यांनी ते निभावले.

त्यानंतर त्यांनी थेट मुख्य प्रशिक्षकपद घेतले नाही. 2011 मध्ये त्याच क्लबने त्यांना सहायक प्रशिक्षक म्हणून नेमले आणि क्लबच्या तरुण खेळाडूंच्या विकासाची जबाबदारीही दिली, आणि पुढची सात वर्षे ते पॉल मॉरिस, कर्क म्युलर आणि बिल पीटर्स या तीन मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली राहिले. संघाच्या दृष्टीने ही वर्षे वाईट होती; 2010 ते 2018 या नऊ हंगामांत हरिकेन्सला एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, प्रवेश मिळाला नाही. तथापि सहायक प्रशिक्षकाला जे शिकायचे असते ते पराभूत संघातच अधिक शिकता येते. सामन्यांच्या चित्रफिती पाहून चूक नेमकी कोणत्या क्षणी सुरू झाली हे शोधणे, सराव संपल्यावर एकेका खेळाडूला घेऊन थांबणे, स्वतःला पटलेला नसला तरी मुख्य प्रशिक्षकाचा निर्णय खेळाडूंपुढे एकनिष्ठेने मांडणे, आणि हे सर्व करूनही श्रेयाच्या वेळी मागच्या रांगेत असणे, ही या कामाची रोजची रीत आहे. नामांकित खेळाडूला ती जड जाते, आणि म्हणूनच ती टाळण्याचा मोहही त्यालाच अधिक होतो.

मे 2018 मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले. 2006 च्या विजयात त्यांचे सहकारी असलेले जस्टिन विल्यम्स त्या हंगामात कर्णधार होते. म्हणजे कालच्या सोबत्याला आज आज्ञा देण्याचा अवघड प्रसंग पहिल्याच वर्षी आला, आणि त्याच वर्षी संघ, आदल्या वर्षीच्या विजेत्या वॉशिंग्टन कॅपिटल्सला हरवून, विभागीय अंतिम फेरीपर्यंत गेला. तेव्हापासून 2025 पर्यंतच्या सातही हंगामांत हरिकेन्स प्लेऑफमध्ये खेळले, आणि 2021 मध्ये ब्रिंडामोर यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षकासाठीचा जॅक ॲडम्स पुरस्कार मिळाला. त्यांच्या संघाच्या खेळाचे मुख्य लक्षण ‘फोरचेक’ हे आहे, म्हणजे पक गमावताच मागे न सरता प्रतिस्पर्ध्यावर त्याच्याच हद्दीत तुटून पडणे. ही पद्धत अंगभूत प्रतिभेपेक्षा तयारीवर आणि एकमेकांवरच्या विश्वासावर चालते, आणि खेळाडू म्हणून ब्रिंडामोर यांच्याजवळ जे होते तेच त्यांनी पद्धत म्हणून संघाला दिले, हे उघड दिसते.

याच संदर्भात वेन ग्रेट्स्की यांचा उल्लेख आदरपूर्वक करणे भाग आहे. 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये ग्रेट्स्की आणि ब्रिंडामोर कॅनडाच्या एकाच संघात होते. 2,857 गुणांचा, म्हणजे स्वतः केलेले गोल आणि इतरांच्या गोलांना दिलेले साहाय्य यांच्या बेरजेचा, ग्रेट्स्की यांचा विक्रम आजही अबाधित आहे. प्रशिक्षणाचा कोणताही पूर्वानुभव नसताना ते 2005 मध्ये फीनिक्स कायोटीज संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्या चार हंगामांत संघ एकदाही प्लेऑफपर्यंत पोहोचला नाही. संघ दुबळा होता आणि 2009 मध्ये तो दिवाळखोरीपर्यंत गेला, त्यामुळे सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु अलौकिक खेळाडूला शिकाऊ वर्षांपासून मुक्त ठेवण्यात त्याच्यावरच अन्याय होतो, हे या उदाहरणावरून मान्य करावे लागते. उलट, स्कॉटी बोमन यांची खेळाडू म्हणूनची वाटचाल कुमार वयातच डोक्याच्या दुखापतीमुळे थांबली, आणि प्रशिक्षक म्हणून त्यांनी नऊ स्टॅन्ली चषक जिंकले. त्यांतला नववा 2002 चा, ज्याच्या अंतिम मालिकेत पराभूत झालेल्या हरिकेन्समध्ये ब्रिंडामोर होते आणि त्या संघाचे प्रशिक्षक पॉल मॉरिस होते. मॉरिस यांचेही खेळणे डोळ्याच्या दुखापतीने लवकर संपले होते. 2023 आणि 2025 या दोन वर्षी विभागीय अंतिम फेरीत आपल्या या जुन्या शिष्याला हरवणारा फ्लोरिडा पँथर्सचा संघ त्यांचाच होता.

महाराष्ट्राला हे दोन्ही प्रकार अपरिचित नाहीत. रमाकांत आचरेकर केवळ एक प्रथमश्रेणी सामना खेळले आणि त्यांच्या हाताखाली सचिन तेंडुलकर घडले. कसोटीपटू चंद्रकांत पंडित यांनी अनेक संघांसोबत काम केल्यावर विदर्भाला 2017-18 मध्ये पहिला रणजी करंडक मिळवून दिला. मोठा खेळाडू असणे ही प्रशिक्षकासाठी अट नाही आणि अडचणही नाही. दुसऱ्याच्या खेळात मन घालण्याची तयारी आणि त्यासाठी हाताखाली काढलेली वर्षे यांना मात्र पर्याय नाही, असे स्वागतसमितीचे स्पष्ट मत आहे. नावाजलेल्या खेळाडूला निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकपद बहाल करणे हा त्याचा गौरव समजला जातो, याची समितीला मनापासून चिंता वाटते.

परिषदेच्या पुढील सत्रांत पदविका, परीक्षा आणि क्रीडाविज्ञान यांची चर्चा होणार आहे, आणि ती व्हायलाच हवी. तिच्या जोडीने सहायक प्रशिक्षकाच्या पदाचाही विचार व्हावा. जिल्हा संघटना, विद्यापीठे आणि क्लब यांनी निवृत्त खेळाडूंसाठी किमान दोन-तीन वर्षांची, पुरेशा मानधनाची आणि अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील अशी पदे निर्माण करावीत, आणि या आशयाचा ठराव परिषदेने समारोपापूर्वी संमत करावा, अशी स्वागतसमितीची सर्व प्रतिनिधींना आग्रहाची विनंती आहे.