एक पेटी, अनेक आकृती : बांधणीच्या खेळण्यांची पारख
(दिल्लीतील मुनिरका येथे माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील जुने गाव. एका अंगाला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला भारतीय तंत्रज्ञान संस्था, मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि त्यांना लागून मूळ गावठाण. गावाची शेती शहरात गेली; घरे तेवढी उरली आणि जागा आडवी वाढेना तेव्हा ती उभी वाढली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी, नोकरदार आणि लहान कुटुंबे या अरुंद गल्ल्यांतून राहतात. त्यांत मराठी बिऱ्हाडेही आहेत. अशा बिऱ्हाडात मुलाचे क्रीडांगण म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामधली चार हात जागा. त्या जागेत दहा खेळणी मावत नाहीत. म्हणून ज्या पेटीवर ‘एकात तीन’ असे छापलेले असते, तिच्याकडे पालकाचा हात साहजिकच आधी जातो. किंमत एकीची, जागा एकीची आणि खेळणी तीन. हा हिशेब खरा आहे का, आणि खरा ठरायचा तर पेटीत काय असावे लागते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

एकाच साहित्यातून अनेक रूपे घडविण्याची कल्पना नवी नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालोद्यानाची कल्पना मांडली आणि मुलांसाठी खेळसाहित्याची एक मालिका तयार केली. तिला तो ‘देणग्या’ म्हणे. त्यातील तिसरी देणगी म्हणजे दोन इंचांचा एक लाकडी घन. तो उघडला की त्याचे एक इंचाचे आठ सारखे घन होतात. या आठ ठोकळ्यांतून खुर्ची, जिना, पूल, नक्षी, गणितातील भाग असे काय हवे ते मांडायचे. मात्र फ्रोबेलच्या पद्धतीत दोन पथ्ये असत. प्रत्येक मांडणीत सर्व ठोकळे वापरायचे. आणि एक आकृती मोडून टाकून दुसरी करायची नाही, तर पहिलीतून दुसरी उकलत न्यायची. खुर्चीचे दोन ठोकळे सरकले की तिचा पलंग होतो. मोडणे आणि घडणे या दोन क्रिया नसून एकच क्रिया आहे, हे मुलाच्या हाताला कळावे, असा त्यामागचा हेतू होता.

पुढे 1901 साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी याने सारख्या अंतरावर भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट आणि बोल्ट यांच्या खेळण्याचे पेटंट घेतले. तेच पुढे ‘मेकॅनो’ या नावाने जगभर गेले. दोन भोकांमधले अंतर अर्धा इंच, आणि ते सर्वत्र सारखे. म्हणून कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जोडता येई. पेट्यांना क्रमांक असत आणि पूरक पेटी घेतली की खालच्या क्रमांकाची पेटी वरच्या क्रमांकाची होई. भारतातील दोन-तीन पिढ्यांना ‘मेकॅनिक्स’ या देशी अवताराची ओळख आहे. ज्यांनी लहानपणी तो छोटा पाना बोटांत धरून क्रेन उभी केली, त्यांच्यापैकी अनेक जण आज या सभागृहात पालक म्हणून बसलेले असतील.

तिसरा टप्पा डेन्मार्कमधील बिलुंड या गावचा. ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने 1932 साली सुरू केलेल्या खेळण्यांच्या कारखान्यातून ‘लेगो’ची वीट जन्मली. तिचे आजचे रूप, म्हणजे वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या, 1958 साली पेटंट झाले. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. या एका नियमाने काय साधते, हे कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी मोजून दाखविले आहे. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा 24 प्रकारे जोडता येतात. तशाच सहा विटा घेतल्या तर ही संख्या 91 कोटी 51 लाख 3 हजार 765 होते. सहा विटांची ही कथा असेल, तर दीडदोनशे तुकड्यांच्या पेटीवर ‘एकात तीन’ असे लिहिणे हा अतिशयोक्तीचा नव्हे, उलट कमालीच्या संकोचाचा प्रकार म्हणावा लागेल.

मग पारख कशाची करायची? उदाहरणादाखल याच कंपनीच्या ‘क्रिएटर’ मालिकेतील 2017 सालची डायनासोरांची पेटी घ्यावी. तुकडे 174. त्यातून टी-रेक्स, तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्स किंवा पंखांचा टेरोडॅक्टिल करता येतो. ‘किंवा’ हा शब्द येथे महत्त्वाचा. तीन प्राणी एका वेळी उभे राहत नाहीत. दुसरा हवा असेल तर पहिल्याचा निरोप घ्यावा लागतो. दोन भावंडे असलेल्या घरात खरेदीपूर्वीच हे सांगितलेले बरे. अन्यथा तीन खेळण्यांच्या आशेने आणलेल्या पेटीतून तीन भांडणे निघतात.

अशा पेटीला विचारण्याचा पहिला प्रश्न असा की पर्यायी आकृत्या रचनेने भिन्न आहेत की केवळ रूपाने? लाल मोटारीची तीच मोटार छप्पर बदलून पुन्हा उभी राहत असेल, तर तो पर्याय नव्हे, वेषांतर झाले. डायनासोरांच्या पेटीत दोन पायांवर तोल सांभाळणारा प्राणी, चार पायांवर भार वाटून देणारा प्राणी आणि पंख पसरणारा प्राणी अशा तीन निरनिराळ्या समस्या आहेत. टी-रेक्सचे डोके पुढे झुकते म्हणून शेपटीला वजन हवे, हे मुलाला कोणी शिकवावे लागत नाही; खेळणे तोंडावर पडले की ते कळते. या कसोटीवर ती पेटी उत्तम उतरते.

दुसरा प्रश्न तुकड्यांच्या स्वभावाचा. काही तुकडे बहुगुणी असतात, म्हणजे साधी वीट, पट्टी, उतार, बिजागरी. काही एकमार्गी असतात, म्हणजे एखाद्याच आकृतीसाठी घडविलेले डोके किंवा पंख. पेटी जितकी बहुगुणी तुकड्यांची, तितके तिचे आयुष्य मोठे. टी-रेक्सच्या पायाचा सांधा जर टेरोडॅक्टिलच्या पंखाला लागू पडत असेल, तर सांधा ही वस्तू प्राण्याहून मोठी आहे, हा विचार मुलाच्या मनात रुजतो. तिसरा प्रश्न उरलेल्या तुकड्यांचा. अशा पेट्यांत मुख्य आकृती बहुतेक साहित्य वापरते आणि इतर दोहोंत काही तुकडे मागे राहतात. फ्रोबेलच्या पथ्याने हा दोष ठरेल. परंतु चौकस मुलाच्या दृष्टीने ते उरलेले तुकडे हेच पुढचे आमंत्रण असते. चौथा प्रश्न सांध्याच्या पकडीचा. अनेक आकृत्यांची पेटी ही मोडण्यासाठीच घेतलेली असते. म्हणून विसाव्या वेळीही वीट घट्ट बसावी आणि लहान बोटांना ती सुटावीही. स्वस्त विटा येथेच फसतात. मापातला केसाएवढा फरक पुरे. वीट एक तर ढिली पडते, नाही तर दाताने ओढावी लागते.

पाचव्या प्रश्नासाठी मात्र बाजारातून उठून मध्य प्रदेशातील एका खेड्यात जावे लागते. 1978 साली अरविंद गुप्ता हे कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेले तरुण अभियंते पुण्यातील मोटार कारखान्यातून रजा घेऊन होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे त्यांच्या हाती आली सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या. नळीचा बोटभर तुकडा कापायचा, काड्यांचे गुल खरवडून टाकायचे आणि दोन काड्या नळीच्या दोन तोंडांत खोचायच्या. झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन केला तर तो लवतो, तिरपा होतो. त्यात कर्णाची पाचवी काडी घातली की पुन्हा ताठ. सहा काड्यांचा चतुष्फलक ठाम उभा राहतो आणि बारा काड्यांचा घन डुलतो. पुलाच्या कमानीत आणि छपराच्या कैचीत त्रिकोणच का असतात, याचे उत्तर एका काडेपेटीत मिळते. हेच गुप्ता पुढे 2003 पासून पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत खेळणी करीत आणि शिकवीत राहिले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा पाचवा प्रश्न असा की पैसा बाजूला काढला तर पेटीत काय उरते? आगकाडीच्या संचालाही मर्यादा आहेत. तो भार सोसत नाही, काही महिन्यांनी रबर वाळते आणि गुल खरवडण्याचे काम मोठ्यांनीच करावे लागते. महागडी वीट टिकाऊपणात आणि नेमकेपणात निर्विवाद सरस आहे. पण विचाराची सामग्री दोहोंत एकच. ज्या घराला पेटी परवडत नाही, त्या घरातील मूल शिक्षणाला मुकते असे मानण्याचे कारण नाही. आणि ज्या घरात पेटी आली, तेथे शिक्षणही आपोआप आले असे मानण्याचेही नाही.

मराठी मुलखाला हे वेगळे सांगायला नको. दिवाळीत अंगणात होणारा किल्ला हे अनेक आकृत्यांचे खेळणे नाही तर काय? त्याच विटा, तेच दगड, तेच पोते, तीच माती. यंदा राजगड, पुढच्या वर्षी सिंधुदुर्ग. बुरूज ढासळला की पुन्हा रचायचा, उतारावर अळीव पेरायचे, मावळे मांडायचे आणि दिवाळी सरली की सारे निःशंकपणे मोडायचे. किल्ला मोडला म्हणून महाराष्ट्रातले कोणतेही मूल हळहळत बसलेले नाही, कारण विटा कोठेही गेलेल्या नसतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षण उभे केले तेही याच वृत्तीने. परदेशी शिक्षणसाधनांमागचे तत्त्व त्यांनी घेतले आणि साहित्य मात्र परिसरातल्या शिंपल्यांचे, बियांचे, काड्यांचे केले.

याउलट आजच्या घरांत एक नवी रीत आली आहे. पेटी येते, वाढदिवसाच्या संध्याकाळी वडील आणि मुलगी पुस्तिका पाहून पहिली आकृती पूर्ण करतात, छायाचित्र निघते आणि आकृती काचेच्या कपाटात जाते. तीपैकी दोन आकृत्या जन्मालाच येत नाहीत. महागाची वस्तू मोडायची कशी, असा संकोच वाटतो. पुस्तिकेबरहुकूम बांधण्यात काही मोल नाही असे नव्हे. क्रम, संयम आणि चित्रावरून घनाकृती ओळखण्याची नजर त्यातून येते, आणि कवितेआधी कित्ता गिरवावाच लागतो. परंतु कित्ता गिरवून झाल्यावर पाटी पुसावी लागते. जे मूल पूर्ण झालेली वस्तू मोडायला कचरते, त्याला पुढे चुकलेले गणित खोडायला आणि फसलेला निबंध नव्याने लिहायलाही जड जाते. पेटीची खरी किंमत दुसऱ्या आकृतीपासून वसूल होऊ लागते. आणि पेटीवर जी छापलेलीच नाही अशी चौथी आकृती ज्या दिवशी होते, त्या दिवशी ती पुरती फिटते.

मुनिरक्यासारख्या ठिकाणच्या मराठी घरासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. या पेट्यांमधील पुस्तिकांना शब्द नसतात. बाण, आकडे आणि चित्रे एवढेच. भाषा घराने पुरवायची असते. गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला आधार, सांधा, तोल, कड, तिरपे, आडवे, खाच, पोकळ, भरीव हे शब्द मराठीत भेटणार कधी? आजी शेजारी बसून “अगं, ती आडवी वीट काढ, उभी लाव; डावीकडे भार फार झालाय” असे म्हणेल, तेव्हाच. आणि ते शब्द एकदा बोटांतून गेले की विसरत नाहीत. तीन आकृत्यांची पेटी म्हणजे अशा संभाषणाचे तीन प्रसंग. एका आकृतीच्या पेटीत तो एकदाच येतो.

खरेदीविषयी थोडे व्यवहाराचे. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. ते पाहिल्याशिवाय पेटी घेऊ नये. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर बारीक तुकड्यांची पेटी त्याच्या हाती लागू देऊ नये. मूळ विटेच्या पेटंटची मुदत कधीच संपली असल्याने इतर उत्पादकांच्या त्याच मापाच्या विटाही मिळतात. त्या चालतील, फक्त पकड तपासावी. रिकामे खोके टाकले तरी पुस्तिका जपावी. तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि जमिनीवर चादर पसरून त्यावर खेळू द्यावे. खेळ संपला की चादरीची चार टोके उचलली म्हणजे आवराआवर झाली. चार हात जागेत याहून सोपी युक्ती नाही.

शेवटी शाळेपुढे ठेवण्याजोगी एक सूचना. हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या येतील. त्यातील थोडा भाग सुट्या विटा, पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या एका कपाटासाठी ठेवावा. हे कपाट ग्रंथालयाप्रमाणे चालावे. मुलांनी डबा नोंदवून घरी न्यावा, आठवड्याने परत आणावा आणि सोबत आपण केलेल्या आकृतीचे एक चित्र काढून वहीत लावावे. ज्यांच्या घरी मुले मोठी झाली आणि पेट्या माळ्यावर पडल्या आहेत, त्यांनी त्याच आणून द्याव्यात. तुकडे अपुरे असले तरी हरकत नाही, कारण अपुऱ्या पेटीतून पुस्तिकेतली आकृती होत नसली तरी नवी आकृती हमखास होते. तुकडे मोजण्याचे काम पाचवीच्या मुलांकडे द्यावे. शेकड्याने मोजणे, रंगाने लावणे आणि हरवलेल्याची नोंद ठेवणे हाही अभ्यासच. कपाटाला काच मात्र बसवू नये, आणि कुलपाची किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशा खुंटीवर असावी.