दार किती वाजता उघडते?

१६६५च्या डिसेंबरात काशीच्या पंचगंगा घाटावर एक फ्रेंच जवाहिऱ्या आला. त्याचे नाव जाँ-बातिस्त ताव्हेर्निये. हिऱ्या-माणकांच्या व्यापारासाठी तो अनेकदा हिंदुस्थानात येऊन गेला होता. या खेपेला तो आग्र्याहून बंगालच्या वाटेवर होता. घाटाच्या माथ्यावर तेव्हा बिंदुमाधवाचे भव्य मंदिर उभे होते. त्याला लागूनच थोरामोठ्यांच्या मुलांसाठी मिर्झाराजे जयसिंहांनी काढलेली पाठशाळा होती. त्याच वर्षी जूनमध्ये शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे हेच ते मिर्झाराजे.

ताव्हेर्निये कुतूहलाने पाठशाळेच्या चौकात शिरला. भोवती दुमजली ओवऱ्या होत्या. खालच्या ओवरीत मिर्झाराजांच्या घरचे दोन राजकुमार बसले होते आणि त्यांच्याभोवतीचे पंडित खडूने जमिनीवर आकृत्या काढत होते. अनोळखी माणूस दिसताच राजकुमारांनी हा कोण म्हणून चौकशी केली. फिरंगी आहे असे कळल्यावर त्याला आदराने बोलावून घेतले आणि युरोपची, विशेषतः फ्रान्सची, हालहवाल विचारली. एका पंडिताकडे डच लोकांनी दिलेले दोन पृथ्वीगोल होते. त्यावर ताव्हेर्नियेने आपला देश बोट ठेवून दाखवला. गप्पा झाल्या, पान-विडा झाला. निघता निघता त्याने पंडितांना विचारले, मंदिराचे दार कधी उघडते? उद्या सूर्योदयाच्या जरा आधी या, असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर हजर झाला. दाराबाहेरच्या मंडपात बायका, पुरुष, मुले जमली होती. ढोल आणि वाद्ये वाजत होती, भजन चालले होते, मोरपिसांचे कुंचे हलत होते. असा अर्धा तास गेला. मग मोठ्या घंटा झाल्या, दारावर लहानशा हातोडीने ठोके पडले, दार उघडले, पडदा सरला आणि लोकांनी दंडवत घातले. हे सारे वर्णन त्याच्या १६७६ साली छापलेल्या प्रवासग्रंथात आहे. गाभाऱ्यातल्या देवतांची नावे त्याने पार गोंधळात टाकली आहेत. कोण कोणाची बहीण, कोण कोणाचा मुलगा, सगळेच उलटसुलट. तरी त्याच्या वागण्याला बोट लावायला जागा नाही. यजमानांनी चौकशी केली तेव्हा त्याने आपली ओळख दिली, त्यांनी बसवले तिथे बसला, वेळ विचारून घेतली आणि सांगितलेल्या वेळी लोकांबरोबर थांबून राहिला.

आजच्या व्याख्यानाचा विषय परक्या मुलखात जाणाऱ्या प्रवाशाची रीतभात हा आहे, आणि ताव्हेर्नियेचा तो प्रश्न या विषयाचा गाभा आहे. परक्या देवळाची, घराची, नदीची सगळी माहिती पाहुण्याला असणे शक्य नाही. विचारणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे, आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे वागणेही.

पंचगंगा घाट त्यानंतर फार बदलला. १६६९च्या सुमारास, औरंगजेबाच्या कारकिर्दीत, बिंदुमाधवाचे मंदिर पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. तिच्या दोन उंच मनोऱ्यांना काशीकर धरहरा म्हणत. टांकसाळीचा अधिकारी म्हणून १८२० साली काशीला आलेल्या जेम्स प्रिन्सेपने हे मनोरे दुरुस्त केले. १८९६ साली मार्क ट्वेन काशीत आला आणि मनोऱ्यावरून दिसणाऱ्या शहराविषयी त्याने लिहून ठेवले. १९४८ साली एक मनोरा कोसळला. पुढे दुसराही उतरवण्यात आला. बिंदुमाधव आज जवळच्याच एका वाड्यासारख्या मंदिरात आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधून दिले. घाटावरचा दगडी हजारा, म्हणजे हजार दिव्यांचा स्तंभ, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखला जातो. इथल्याच श्रीमठात स्वामी रामानंदांची गादी आहे. पहाटेच्या अंधारात याच पायऱ्यांवर त्यांचा पाय कबीरावर पडला, अशी कथा काशीत घरोघरी सांगतात. १८८७ साली समाधिस्थ झालेल्या तैलंगस्वामींचा मठही इथेच आहे.

एवढ्याशा जागेत मंदिर, मठ, मशीद आणि तीर्थ दाटीवाटीने नांदतात. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम इथे मानतात. काशीच्या पंचतीर्थी यात्रेतले हे एक स्थान. त्यामुळे दहा मिनिटांत पाहुण्याला चार तऱ्हांनी वागावे लागते. नदीकाठच्या पायऱ्यांवर स्नानाची शिस्त पाळायची. बिंदुमाधवाच्या जिन्याशी चपला काढायच्या आणि पुजारी सांगतील तिथवरच जायचे. मठात आवाज खाली आणायचा. मशिदीत जायचे तर नमाजाची वेळ टाळायची, अंगभर कपडे घालायचे, दाराशी असलेल्या माणसाला विचारायचे. या जागेचा इतिहास तिथल्या प्रत्येक रहिवाशाला पाठ आहे. त्याचे ओझे घेऊन तो रोज त्याच गल्लीतून जातो, समोरच्याला सलाम-नमस्कार करतो. दोन दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाने त्या पायऱ्यांवर उभे राहून हुज्जत घातली, तर तिची झळ गल्लीत राहणाऱ्यांना लागते. प्रवासी तोवर पुढच्या गाडीत बसलेला असतो.

कार्तिकातल्या संध्याकाळी पंचगंगेवर उंच वेळूच्या काठ्या रोवलेल्या दिसतात. प्रत्येक काठीच्या शेंड्याला दोरी, आणि दोरीला वेताची छोटी करंडी. सांज झाली की एखादे आजोबा किंवा घरातली सून पणती पेटवते, वाऱ्याने विझू नये म्हणून ओंजळीचा आडोसा धरते, पणती करंडीत ठेवते आणि दोरी हळूहळू ओढू लागते. करंडी हेलकावे खात वर चढते. घाई केली तर तेल सांडते, ज्योत विझते आणि सगळे पुन्हा करावे लागते. हे आकाशदीप. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत महिनाभर ते रोज लागतात.

मराठी माणसाला ते बघताच दारावरचा आकाशकंदील आठवतो आणि तो म्हणतो, वा, काय सुंदर रोषणाई! रोषणाई सुंदर आहेच. पण दोरी ओढणाऱ्याच्या मनात त्या वेळी गेलेले वडील असतात, आजी असते. हे दिवे पितरांची वाट उजळावी म्हणून लावतात. अलीकडे हुतात्मा जवानांच्या स्मरणार्थही लावले जातात. एवढे कळले की पाहुण्याचे वागणे कोणी न सांगता बदलते. तो दोरी आणि दिव्याच्या मध्ये उभा राहत नाही. दोन पायऱ्या खाली, कडेला सरकतो. फ्लॅश मारत नाही. जमलेच तर शेजारच्याला हळूच विचारतो, हा दिवा कोणासाठी? अशा प्रश्नाने कोणी रागावत नाही. बहुतेकदा उत्तरात एका घराची सबंध कथा ऐकायला मिळते.

फोटोचा प्रश्न मात्र अवघड झाला आहे. कार्तिकस्नानाला बायका पहाटेच्या अंधारात येतात. ओल्या लुगड्याने पायऱ्या चढतात, भिंतीच्या आडोशाला कपडे बदलतात. त्याच वेळी सूर्योदय पाहायला निघालेल्या होड्या काठाजवळून जातात, आणि होडीतून लांब भिंगांचे कॅमेरे आणि मोबाइल त्यांच्यावर रोखले जातात. स्वतःच्या गावच्या नदीवर आपल्या आईचा असा फोटो कोणी काढला, तर काढणाऱ्याची काय गत होईल, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. थोडे वरच्या अंगाला मणिकर्णिका आहे. तिथे चिता अखंड जळत असतात. त्या घाटावर कॅमेरा बंद ठेवणे ही काशीची जुनी रीत आहे. पाण्यातून का होईना, परक्याच्या दुःखाचे चित्रण करणे हे निष्ठुरपण आहे, मग कॅमेरा पॅरिसहून आलेला असो की पुण्याहून.

पुण्याचे नाव इथे मुद्दाम घेतले आहे. काशीत गोरा प्रवासी बिचकत पाऊल टाकतो. मराठी प्रवासी बेधडक शिरतो, कारण त्याला काशी आपलीच वाटते. त्याला तसे वाटायला कारणेही भक्कम आहेत. नाथमहाराजांनी एकनाथी भागवत पुरे केले ते काशीत, १५७३ साली. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थिरावलेल्या घराण्यातले. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नाना फडणवीसांचा वाडाही याच अंगाला.

आपलेपणाची ही भावना खरी आहे आणि ती जपायलाच हवी. पण ती घेऊन आलेला माणूस तिथला रहिवासी होत नाही. जुन्या वाड्याचे दार उघडे दिसले म्हणून थेट चौकात जाऊन फोटो काढू नयेत. आत माणसे राहतात, कोणाचा स्वयंपाक चालू असतो, कोणी आजारी असते. उंबऱ्याबाहेरून हाक द्यावी, कोण कुठले ते सांगावे. मराठीत हाक ऐकली की काशीकर मराठी घरातून ‘या, या’ असेच उत्तर येते. नावाडी, घाटिये, फुलवाली यांच्याशी बोलताना हिंदीत ‘आप’ म्हणावे. नावेचे भाडे पाय टाकण्याआधी आणि दक्षिणा संकल्पाआधी ठरवावी. ठरल्यावर घासाघीस करू नये. विधी अर्धा झाल्यावर पैशांवरून वाद घालणाऱ्या यजमानामुळे शेजारी पिंड घेऊन बसलेल्या कुटुंबाचेही चित्त उडते.

रीतभात ही दोन्ही बाजूंची असते. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. न्यूजर्सीतल्या रोझेल गावी थिओडिसिया कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाईंनी साडी, कुंकू आणि शाकाहार सोडला नाही. त्या घरानेही तसा आग्रह धरला नाही. उलट त्यांची पथ्ये आणि सणवार समजून घेतले. आनंदीबाईंनी त्या घराच्या चालीरीती मनापासून शिकून घेतल्या आणि कार्पेंटरबाईंना मावशी मानले. १८८६ साली त्या पेनसिल्व्हानियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. दोन घरांनी एकमेकांना किती सांभाळून घेतले, हे त्यांच्या पत्रांतून जागोजागी दिसते.

काशीतही असा देवघेवीचा प्रसंग घडला आहे. मार्क ट्वेन स्वामी भास्करानंद सरस्वतींच्या दर्शनाला गेला. स्वामींनी त्याला आपला ग्रंथ सही करून दिला, ट्वेनने त्यांना आपली ‘हकलबेरी फिन’ दिली. एकमेकांचा धर्म न मानणाऱ्या दोन माणसांनी आपापले सर्वांत मोलाचे काम एकमेकांच्या हाती ठेवले.

जिथे ही देवघेव तुटते, तिथे कायदा येतो. जपानच्या क्योतो शहरात गिओन हा जुना मोहल्ला आहे. तिथल्या गेइको, म्हणजे गेइशा, आणि शिकाऊ माइको संध्याकाळी कामाला निघाल्या की प्रवासी त्यांच्या मागे धावत, किमोनो ओढत, वाट अडवत. २०१९ साली तिथल्या खासगी गल्ल्यांत छायाचित्रणाला मनाई झाली आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लागल्या. तरी प्रकार थांबले नाहीत, तेव्हा २०२४ साली काही गल्ल्या प्रवाशांना पूर्णपणे बंद केल्या. ऑस्ट्रेलियातला उलुरू हा प्रचंड खडक तिथल्या अनांगू लोकांना पवित्र आहे. कृपा करून वर चढू नका, अशी त्यांची विनंती कित्येक वर्षे पायथ्याशी पाटीवर लिहिलेली होती. ती वाचूनही लोक चढत राहिले. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ रोजी चढाईच कायमची बंद झाली. बालीने २०२३ साली परदेशी प्रवाशांच्या हाती काय करावे, काय करू नये याची छापील यादी द्यायला सुरुवात केली. या तिन्ही ठिकाणी मराठी प्रवासी आता मोठ्या संख्येने जातात. हे नियम त्यांनाही लागू आहेत, आणि नियम होण्याआधीची विनंतीही.

पंचगंगेवर अजून असा दंड नाही आणि कधी लागू नये, अशी तळमळ आहे. १९८०च्या दशकात याच घाटावरून देवदीपावलीला नवे रूप मिळाले. आता कार्तिक पौर्णिमेला काशीचे सगळे घाट पणत्यांनी भरतात आणि होड्यांना पाण्यात जागा उरत नाही. ही गर्दी वाढतच जाणार. दिवाळी झाली की महाराष्ट्रातून यात्रा कंपन्यांच्या गाड्या भरून निघतात. त्यांच्या पत्रकात राहण्याची सोय, मराठी जेवण, पाहायची ठिकाणे सगळे तपशिलाने असते.

त्यात आणखी एक पान घालावे. कोणते दार किती वाजता उघडते, चपला कुठे काढायच्या, कॅमेरा कुठे बंद ठेवायचा, देवदीपावलीला मांडलेल्या पणत्या न ओलांडता कोणत्या कडेने उतरायचे, नावेचे भाडे आणि दक्षिणा कशी ठरवायची, एवढे त्यावर पुरे. आणि काशीत पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी ब्रह्माघाट किंवा दुर्गाघाट परिसरातल्या एखाद्या मराठी तीर्थोपाध्यायांना मुक्कामी बोलावून पंधरा मिनिटे हेच समक्ष सांगायला लावावे, प्रवाशांच्या शंकांना उत्तरे द्यायला सांगावी, आणि त्यांचे मानधन यात्रेच्या खर्चातच धरावे.