कार्बोरेटर उघडण्याआधी

जुनी मोटारसायकल रस्त्यात बंद पडली की जमलेल्या बघ्यांपैकी एक जण हमखास सांगतो, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल.’ निदान फुकटचं असतं आणि कधीकधी ते खरंही निघतं. मीही तेच म्हणत असे. त्या सवयीची किंमत मला १९८९ च्या जानेवारीत एका रात्री कळली. ते पुढे सांगतो, आधी गाडीची ओळख करून देतो.

गाडी जावा, २५० सीसी, १९७२ ची. मूळ चेकोस्लोव्हाकियाची ही गाडी आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागली. पुढे तिचंच नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक मारायची तीच दांडी पुढे पाडली की गिअर. माझे अब्बा एम्प्रेस मिलमध्ये होते. त्यांनी ही गाडी १९७९ मध्ये जुनीच विकत घेतली, आणि शुक्रवारच्या नमाजाला जाताना ती स्वतःपेक्षा जास्त चमकेल याची काळजी घेतली.

कार्बोरेटरचं काम सांगायला सोपं आहे. टाकीतलं पेट्रोल एका छोट्या वाटीत उतरतं. वाटीत फ्लोट तरंगतो. वाटी भरली की तो वर येऊन सुईने पेट्रोलचा रस्ता बंद करतो. इंजिन हवा ओढतं, ती हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि पितळेच्या जेटमधून पेट्रोल वर खेचून घेते. बारीक फवारा हवेत मिसळतो आणि प्लगची ठिणगी तो पेटवते. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काजळीने काळा होतो, कमी झालं तर पांढरट पडतो. बिस्किटासारखा तपकिरी दिसला की समजायचं, मात्रा जमली. मात्रा हा शब्द गझलवाल्याच्या तोंडी आपसूकच येतो, माफ करा.

आता ती रात्र. आपा बाळंतपणासाठी कामठीच्या एका इस्पितळात होती. रात्री दहाला शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर निरोप आला की रक्त लागणार आहे. आपाचा रक्तगट ओ निगेटिव्ह, घरात तोच गट फक्त माझा. अब्बा रात्रपाळीला चालत गेले होते. मी जावा काढली. मोमिनपुऱ्यातून निघून इंदोऱ्यापर्यंत ती झकास पळाली. ऑटोमोटिव्ह चौक गाठायच्या आत मात्र तिचा दम गेला. दोन-चार झटके दिले आणि बंद.

थंडीने बोटं वाकत नव्हती. मी दिव्याच्या खांबाखाली बसून पेट्रोलची नळी काढली, वाटी उघडली, जेट काढून तोंडाने फुंकला, पुन्हा बसवला. दुसऱ्या किकला गाडी सुरू! मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. चारेक किलोमीटरवर ती पुन्हा बंद पडली. पुन्हा नळी, पुन्हा वाटी, पुन्हा फुंकर. पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी तर मी जेटमध्ये सेफ्टी पिन घालून फिरवली. अर्ध्या तासाचा रस्ता. मी इस्पितळात पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

आपा वाचली होती. कामठीच्या छावणीतला एक जवान, ज्याची बायको त्याच वॉर्डात होती, त्याने रक्त दिलं होतं. मी त्याचं नावही विचारलं नाही. अम्मी मला काही बोलली नाही. नुसती माझ्या काळ्या हातांकडे पाहत राहिली.

सकाळी पाळी संपवून अब्बा आले. त्यांनी कार्बोरेटरला हातही लावला नाही. टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज आला. झाकणाच्या आत मी आठवडाभरापूर्वी सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून बसवला होता, पेट्रोल हिंदकळून बाहेर येतं म्हणून. त्या वायसरने झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं होतं. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होई तशी त्या जागी हवा आत जायला हवी. ती जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. मी नळी काढली की नळीतून हवा वर टाकीत शिरायची आणि गाडी पुढचे चार किलोमीटर चालायची. दुरुस्त करत होती ती हवा, आणि मी समजत होतो मी. कार्बोरेटर पहिल्यापासून साफ होता.

अब्बा एवढंच म्हणाले, ‘ढक्कन खोल के देख लेता बेटा.’

सेफ्टी पिनेचा हिशेब वेगळा चुकवावा लागला. पितळ मऊ असतं. पिनेने जेटचं भोक वाढलं आणि पुढे महिनाभर गाडी धूर ओकत, पेट्रोल पीत चालली. शेवटी गल्लीतल्या उस्तादांनी नवा जेट बसवला. तारेऐवजी हवेचा झोत वापरायचा, हे त्यांनी मला चार लोकांत सुनावलं.

उस्तादांकडून मी क्रम शिकलो. बंद गाडीला आधी पाच-सहा किक मारायच्या, मग प्लग काढून पाहायचा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय. ठिणगी तपासायची, नाहीतर वाटी ओव्हर होतेय का ते पाहायचं. कोरडा असेल तर पेट्रोल अडलंय; मग वरून खाली यायचं. टाकी, झाकण, कॉक, नळी, आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. नळी काढून झाकण लावलेलं असताना धार पाहा, मग झाकण उघडून पाहा. फरक पडला तर पाना पिशवीत ठेवा. चोक ओढल्यावर गाडी बरी चालते? मग पेट्रोल कमी पडतंय किंवा जोडावरून फुकटची हवा आत शिरतेय. माझी मात्र ओळ अडली की अख्खी कविता खोडायची खोड अजून गेलेली नाही.

टू-स्ट्रोक गाडीचा आणखी एक त्रास. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, ऑइल खाली राहतं आणि चिकटा होऊन जेटमध्ये बसतं. म्हणून उभी करताना कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे वाटी रिकामी होते.

आता इथेनॉल आलं आहे. २०२५ मध्ये आपल्याकडे पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. उसाला भाव मिळतो, आयात कमी होते, माझी त्याला हरकत नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर आणि बूच फुगवतं, टाकीच्या तळाशी बसलेला वर्षांचा गाळ सोडवून खाली पाठवतं. मी नळ्या आणि कॉकचे वायसर बदलले. सुई एक खाच वर घेतली, कारण या पेट्रोलवर तीच मात्रा कमी पडते. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतो, म्हणजे दमट हवेला आत जागा उरत नाही.

गाडीने पन्नाशी ओलांडली. २०२१ च्या नियमाप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. पण मग ती रॅलीला आणि प्रदर्शनालाच न्यायची, रोजच्या कामाला नाही. मला तिच्यावरून भाजी आणायची असते, म्हणून मी तो अर्ज अजून भरलेला नाही.

त्या रात्री जन्मलेला भाचा आता पुण्यात नोकरीला आहे. गेल्या ईदला आला तेव्हा त्याने हौसेने जावा बाहेर काढली. आठ-दहा किक मारल्या, घाम पुसला आणि विचारलं, ‘मामू, कार्बोरेटर खोलू?’ मी म्हटलं, प्लग काढ आधी. प्लग कोरडा होता. कॉक बंद होता. आदल्या रात्री मीच बंद केला होता.