सत्तेचाळीस की चाळीस सात?

हेडफोन लावले असतील तर एक काम करा. ‘सत्तेचाळीस’ असं मोठ्यानं म्हणा आणि तो आकडा बोटानं हवेत लिहा. एसटीत बसला असाल तर मनातच म्हणा, नाहीतर शेजारचा बघत बसेल.

काय झालं? तोंडातून आधी सात आले, मग चाळीस. बोटानं मात्र आधी चार काढला, मग सात. आपल्याला सवय झालीय म्हणून जाणवत नाही. सात-आठ वर्षांच्या पोराला ही उलटापालट जवळजवळ प्रत्येक आकड्याला करावी लागते.

मी शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावात संध्याकाळी दुसरी ते चौथीच्या मुलांचा अभ्यास घेतो. तिथं तिसरीतली एक मुलगी यायला लागली. 47 सांगितले की ती 74 लिहायची. एकोणतीस म्हटलं की 39, कारण कानावर ‘तीस’ पडायचं. तिची आई मला म्हणाली, “सर, वाचाय-लिहायला आलं तरी पुरे. गणिताचं राहू द्या तिच्या.” म्हणजे आठव्या वर्षीच पोरीचा निकाल लागला होता.

आता 2019 चा जून आठवा. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. पार विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. जुने शब्द काही कुणी हद्दपार केले नव्हते, जोडीला दुसरी वाट दिली होती. कन्नड, तेलुगू, तमिळ पोरं तसंही आधी दशक, मग एकक असंच म्हणतात. जर्मन पोरांचं मात्र आपल्यासारखंच उलटं. मला विचाराल तर त्या वादात ‘हे की ते’ एवढंच बोललं गेलं. वर्गात दोन्ही लागतात. बाजारात कुणी ‘चाळीस सात रुपये द्या’ म्हणत नाही, पण 47 म्हणजे काय हे ‘चाळीस सात’मधून लवकर दिसतं.

तर आम्ही काय केलं? दहा-दहा काड्यांच्या मोळ्या बांधल्या. आमच्याकडच्या पोरांना उसाची मोळी सांगावी लागत नाही. चार मोळ्या, सात सुट्ट्या काड्या. आधी ‘चाळीस सात’ म्हणायचं, मग ‘सत्तेचाळीस’, मग लिहायचं. दुसऱ्या दिवशी तेच 47, पण दहाच्या चार खोट्या नोटा आणि रुपयाची सात नाणी. एकोणतीसला तीन मोळ्या ठेवायच्या आणि एक काडी काढून घ्यायची. ती काढताना मोळी सोडावी लागते, तेव्हा ‘एकोण’ म्हणजे ‘एक कमी’ हे आपोआप कळतं. एकोणनव्वदपर्यंत ही युक्ती चालते. नव्व्याण्णवला भाषाच दगा देते, ते पाठच करायचं!

एक मात्र सांगतो. रोज नवा खेळ आणला म्हणजे झालं असं नाही. भिंतभर रंगीत तक्ते लावायचे आणि आकडा रोज वेगळा, यानं पोर फक्त गोंधळतं. आकडा तोच, रूप वेगळं, असं हवं.

(जाता जाता: आमच्या गावात 1968 ते 1983 डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघाली, धान्य साठवायच्या जागा निघाल्या. तेव्हाही कुणीतरी ते धान्य मोजून ठेवतच असणार. पोरांना हे सांगितलं की ती काड्या जरा ऐटीत मोजतात.)

आता वाचनाचं. ‘राजूकडे 15 बोरं आहेत. ती मीनाच्या बोरांपेक्षा 6 ने जास्त आहेत. मीनाकडे किती?’ निम्मी पोरं 21 सांगतात. त्यांना बेरीज-वजाबाकी दोन्ही येते. ‘जास्त’ दिसलं की अधिक, एवढंच त्यांना माहीत असतं, वाक्य कुणी वाचतच नाही. ‘असर’च्या पाहणीत मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यातलं कुठवर वाचता येतं ते वेगळं बघतात आणि गणित वेगळं. तसंच आम्हीही करतो, म्हणजे पोर अडलंय कुठं ते कळतं.

मग दोघांना उभं करायचं, एक राजू, एक मीना. बोरं नसतील तर खडे. तिसऱ्यानं वाक्य हळू वाचायचं आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं. ‘ती’ म्हणजे कुणाची बोरं? इथं भांडण होतं. होऊ द्या. त्यानंतर तेच उदाहरण पोरांनी स्वतःच्या शब्दांत, आपल्या शेळ्यांवर नाहीतर चिंचांवर रचायचं.

ती मुलगी अजून कधीकधी आकडे उलटे लिहिते. पण आता लिहून झालं की स्वतःच पुटपुटते, “सत्तर चार? छे,” आणि खोडते. परवा तिनं उदाहरण रचलं: “आईकडे 47 रुपये आहेत. ते माझ्यापेक्षा 29 ने जास्त आहेत.” आई दारातच उभी होती. उत्तर काढायला ती बोटं मोजायला लागली, तर पोरगी म्हणाली, “आई, थांब. मी मोळ्या आणते.”