शाळा-कॉलेजच्या कागदावरचे इंग्रजी शब्द

(विहाराच्या वर्धापनदिनी हिवरा आश्रम येथे केलेले भाषण)



इंग्रजी कशी शिकावी यावर बोला, असे मंडळाने आम्हाला सांगितले. तो विषय मोठा, आमच्या आवाक्याबाहेरचा. आम्ही फक्त काही शब्दांवर बोलणार आहोत. हे शब्द पोरांच्या पुस्तकात नसतात, फॉर्मवर असतात. आणि त्यांच्यापायी वर्षं वाया जातात.

आमचंच सांगतो. आमच्या वेळी ए-बी-सी-डी पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आली ती सन २००० मध्ये. दहावीनंतर कॉलेजचा फॉर्म भरताना आम्ही ‘रिजन’समोर बौद्ध लिहिलं आणि ‘रिलिजन’समोर विदर्भ! कारकून हसला, आम्हीही हसलो. पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. हाती पावती आली, तिच्यावर ‘प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशन’ छापलेलं. त्यातलं ‘अ‍ॅडमिशन’ तेवढं आम्हाला कळलं. घरी येऊन गूळ वाटला. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता प्रवेश; उरलेले कागद मुदतीत दिले तरच पक्का. मुदत गेली, नाव गेलं. बाबा पावती दाखवत म्हणत राहिले, “कागद तं हाये ना आपल्यापाशी!” ते वर्ष आम्ही कापूस वेचला.

तेव्हा माता-पित्यांनो, जवळजवळचे वाटणारे शब्द आधी वेगळे करा. ‘बोनाफाईड’ हा मूळचा लॅटिन शब्द. शाळेच्या कागदावर त्याचा अर्थ एवढाच, की हा मुलगा खरोखर आमच्याकडे शिकत आहे. ‘एल.सी.’ किंवा ‘टी.सी.’ म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. बोनाफाईड मागितलं असताना टी.सी. काढली, तर चालू शाळेतून पोराचं नाव कमी होतं. ‘कास्ट सर्टिफिकेट’ उपविभागीय अधिकारी देतात. ‘व्हॅलिडिटी’ देते ती जिल्ह्याची पडताळणी समिती. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नाही. बारावीत असतानाच त्यामागे लागा. अमरावती विद्यापीठाची पदवी घेऊन पुढे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात जायचं तर ‘मायग्रेशन’ लागतं. आणि ‘ए.टी.के.टी.’ म्हणजे पास नव्हे बरं! पुढच्या वर्गात बसू देतात, राहिलेला विषय काढावाच लागतो. हे पोरं घरी नीट सांगत नाहीत.

‘स्कॉलरशिप’ आणि ‘फ्रीशिप’ यांतही गोंधळ होतो. घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर स्कॉलरशिप; तिच्यात फीसोबत निर्वाह भत्ताही असतो. उत्पन्न वर गेलं तर फ्रीशिप. तिच्यात फीचा भार उतरतो, भत्ता नसतो. पण या दोन्हींना आपण सरसकट ‘सवलत’ म्हणतो आणि मग पोरगं चारचौघांत मान खाली घालतं. का घालावी? सन १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. तिथेही कागद होता, अटी होत्या, सही होती.

सर्वांत जास्त नुकसान मात्र एका सोप्या शब्दानं केलं आहे. तो शब्द ‘ओपन’. आपल्याकडे ‘ओपनवाले’ म्हणजे अमुक जातीचे लोक, असा अर्थ बसून गेला आहे. इंग्रजीत ओपन म्हणजे खुलं, आणि कायद्यातही ते सर्वांना खुलं आहे. गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडलेला आपला उमेदवार राखीव जागांत मोजायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९२ च्या मंडल खटल्याच्या निकालात सांगितलं आहे. म्हणजे आपल्या मुलीचे गुण चांगले असतील, तर ती ओपनच्या यादीतही बसते आणि राखीव जागा दुसऱ्या लेकरासाठी शिल्लक राहते. “ओपनची लिस्ट आपल्याले काय पाह्याची?” असं म्हणून यादीचं पहिलं पान उलटणारे पालक आम्ही पाहिले आहेत. नाव त्याच पानावर असायचं!

आता आमची सूचना. विहारात पुस्तकांच्या कपाटावर आम्ही आजपासून एक दोनशे पानी वही ठेवत आहोत. घरी आलेल्या कागदावर जो शब्द अडेल तो मराठी अक्षरात लिहून जा. स्पेलिंग येत नसलं तरी चालेल. रविवारच्या वंदनेनंतर आम्ही आणि कॉलेजची मुलं बसू. मूळ कागद सोबत आणा, आणि सही मात्र आधी करून आणू नका.