साथ आणि सीमा

साथीच्या दिवसांत इस्पितळात खाटा किती, हाच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. परंतु खाट म्हणजे केवळ लोखंडी पलंग नव्हे. तिच्याजवळ परिचारिका हवी, प्राणवायू हवा आणि ती कोणत्या रुग्णास द्यावयाची हे ठरविणारी व्यवस्था हवी. यांपैकी एक जरी उणे पडले, तरी खाट असून नसल्यासारखीच.

कोरोनाच्या साथीत, २०२० साली, मुंबईने ही व्यवस्था उभी केली. महापालिकेच्या २४ विभागांत नियंत्रण कक्ष स्थापन झाले. तपासणीचे अहवाल प्रथम तेथे जात. रुग्णाची चौकशी करून, घरी बरा होण्यासारखा असेल त्यास घरीच ठेवीत आणि गरज असेल त्यास खाट नेमून देत. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या पद्धतीची प्रशंसा केली.

मुंबईचा कारभार एका महापालिकेच्या हाती होता. निपाणीची गोष्ट निराळी. येथून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव जवळजवळ दुप्पट दूर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने दोहोंमध्ये राज्याची सीमा आली. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोगनोळी नाक्यावर तपासणीचा अहवाल दाखवावा लागे. साथ रोखण्यासाठी अशी चौकी गैर नव्हे. परंतु तिने साथ अडवावी, रुग्ण अडवू नये.

हा भेद आधी ठरला नाही तर काय होते, ते तलपाडीस दिसले. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने केरळकडील रस्ते बंद केले. कासरगोडच्या रुग्णांचा भरवसा मंगळुरूच्या इस्पितळांवर. ते नाक्यावर अडले. उपचाराअभावी रुग्ण दगावल्याच्या वार्ता येऊ लागल्या. १ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने तातडीच्या रुग्णांसाठी वाट मोकळी करण्याचा आदेश दिला. रुग्णांच्या ने-आणीचे नियम ठरल्याचे ७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले. एका बैठकीत होणाऱ्या कामासाठी दोन न्यायालये लागली.

बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय यांनी साथीत मोकळ्या खाटा व प्राणवायूचा साठा परस्परांस रोज कळवावा. रुग्णवाहिकेस नाक्यावर निराळी वाट असावी. हा करार साथ नसतानाच व्हावयास हवा. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आपल्या गतीने चालो. श्वास कोंडलेल्या माणसापाशी तेवढी सवड नसते.