थ्री-नॉट-थ्रीचा साज

ली-एनफील्ड रायफल म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाचे प्रसंग गणवेशासह उभे करणारे हौशी लोक तिच्या साजासाठी जीव टाकतात. लाकूड आणि पोलाद शंभर वर्षं टिकतं. सुती पट्टा मात्र विरतो, संगिनीच्या म्यानाचं चामडं तडकतं. अस्सल तुकडा चिखलात लोळवायचा कोण? म्हणून प्रतिकृती.

खरी गंमत दस्त्यात आहे. त्याच्या पितळी तळपट्टीत एक झाकण असतं. आत तेलाची छोटी पितळी कुपी आणि एका टोकाला वजन असलेली दोरी. दोरीच्या फासात फ्लॅनेलची चिंधी अडकवायची, वजन नळीत सोडायचं, दुसऱ्या बाजूने ओढायचं, नळी साफ! या वस्तूही आता नव्याने बनतात.

1907 च्या नमुन्याच्या संगिनीचं पातं तब्बल 17 इंची. लुटुपुटीच्या झटापटीत म्हणून रबरी संगीन वापरतात, आणि ते शहाणपणाचंच.

काही विक्रेते मात्र नवा पट्टा चहाच्या पाण्यात बुडवून जुना म्हणून खपवतात. निर्मात्याने आपला शिक्का आणि खरं साल उमटवलेली प्रतिकृतीच घ्यावी.